तंबूंची राई, लोखंडी मंडप आणि बँड : वेस्लियन ग्रोव्हच्या इतिहासाचा बोध

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यालगत मार्थाज व्हिनयार्ड नावाचे एक बेट आहे. त्या बेटावरील ओक ब्लफ्स या गावी दरवर्षी ऑगस्ट महिन्यात एका संध्याकाळी एका जुन्या लोखंडी मंडपाखाली मोठा जनसमुदाय जमतो. प्रथम सर्व लोक मिळून गाणी गातात. नंतर 1868 साली स्थापन झालेला व्हिनयार्ड हेवन बँड आपले वादन सादर करतो. वादन संपले की मंडपातील व परिसरातील सर्व दिवे मालवले जातात, वडीलधाऱ्यांपैकी एका व्यक्तीच्या हस्ते पहिला कागदी कंदील उजळला जातो, आणि मग सभोवारच्या तीनशेहून अधिक लहान लाकडी घरांच्या ओसऱ्यांवर शेकडो कंदील एकामागून एक पेटत जातात. पाहुण्याला हा एखाद्या सहलीच्या ठिकाणचा नयनरम्य सोहळा वाटतो, आणि आज तो बऱ्याच अंशी तसा आहेही.

परंतु या जागेचा पूर्वेतिहास निराळा आहे. हिचे नाव वेस्लियन ग्रोव्ह, म्हणजे वेस्लीच्या अनुयायांची राई. एकोणिसाव्या शतकात मेथॉडिस्ट लोक येथे तंबू ठोकून राहत. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रार्थना, उपदेश आणि पश्चात्ताप चाले. ज्या ठिकाणी पापी मनुष्याचे हुंदके ऐकू येत, त्या ठिकाणी आज बँड वाजतो, हे ऐकून आपल्यापैकी अनेक जण सहज म्हणतील की हा आध्यात्मिक ऱ्हासाचा आणखी एक नमुना होय. हा निवाडा सोपा आहे; पण इतिहास बारकाईने पाहिल्यास तो पुरेसा ठरत नाही असे आम्हांस वाटते. त्या राईतील गायन क्षीण झाले खरे. ते कोणत्या वाटेने क्षीण झाले आणि त्यातले काय टिकले, याचा विचार आपल्या वार्षिक मेळाव्यांची व शिबिरांची जबाबदारी वाहणाऱ्या पाळकांनी व प्रचारकांनी अवश्य केला पाहिजे.

मेजाभोवती भरलेली सभा

कँप मीटिंग म्हणजे वस्तीपासून दूर, रानात तंबू ठोकून अनेक दिवस भरवलेली उपासना-सभा. या प्रथेचा उगम बहुधा मेथॉडिस्टांकडे मानला जातो, परंतु तिच्या मुळाशी स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीची प्रभुभोजनाची चाल होती. त्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी वर्षातून मोजक्याच वेळी होई. त्यासाठी आसपासच्या गावांतून लोक येत. आधी काही दिवस उपवास, आत्मपरीक्षण व उपदेश होऊन मग मेज मांडले जाई आणि शेवटी उपकारस्तुतीची सभा होई. ही चाल स्थलांतरितांबरोबर अमेरिकेच्या सरहद्दीवर गेली. तेथे वस्ती विरळ, पाळक थोडे आणि अंतरे लांब होती. सभेला आलेल्या कुटुंबांना रात्री घरी परतणे शक्य नव्हते. ती आपल्या गाड्यांत वा तंबूंत मुक्काम करू लागली. 1800 साली केंटकीमधील गॅस्पर नदीकाठी जेम्स मॅकग्रेडी यांच्या सभेत असा मुक्काम झाला, आणि पुढच्याच वर्षी, 1801 च्या ऑगस्टमध्ये, केन रिज येथे बार्टन स्टोन यांच्या मंडळीच्या निमंत्रणावरून इतका मोठा जमाव लोटला की त्या काळच्या लोकांनी त्याची संख्या दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत सांगितली. प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट व बाप्तिस्त उपदेशक एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी उभे राहून बोलत होते.

हा उगम विसरता कामा नये. कँप मीटिंगच्या केंद्रस्थानी आरंभी प्रभूचे मेज होते. लोक ऐकण्यासाठी येत, पाहण्यासाठीही येत. परंतु त्यांना बोलावणे होते ते भागीदार होण्यासाठी. मेजापाशी कोणी नुसता प्रेक्षक असू शकत नाही. पुढे प्रेस्बिटेरियन नेतृत्वाने या भावनाप्रधान सभांकडे संशयाने पाहण्यास आरंभ केला. उलट बिशप फ्रान्सिस ॲस्बरी यांनी त्यांना मनापासून उत्तेजन दिले. कँप मीटिंग ही मेथॉडिस्टांची खूण बनली ती तेव्हापासून.

ध्रुपदाचे सामर्थ्य

रानातील या सभांनी ख्रिस्ती गायनात एक मोठा बदल घडवून आणला. जमलेल्यांपैकी पुष्कळांना वाचता येत नव्हते; ज्यांना येत होते त्यांच्याही हाती मशालींच्या उजेडात गीतपुस्तक धरण्याची सोय नव्हती. आयझॅक वॉट्स व चार्ल्स वेस्ली यांची अर्थगर्भ, अनेक कडव्यांची गीते तोंडपाठ असणे सर्वांना शक्य नव्हते. तेव्हा गायनाचा नेता एखादे ओळखीचे कडवे उचली आणि त्यामागे एक लहानसे, सुलभ ध्रुपद जोडी. ते एकदा ऐकले की कोणालाही म्हणता येई. एकच ध्रुपद अनेक गीतांना जोडले जाई; ते एका सभेतून दुसऱ्या सभेत तोंडोतोंडी जाई. वाद्य एकच होते, ते म्हणजे तुतारी. आणि तिचे काम गाणे सजवण्याचे नसून लोकांना उठवण्याचे व सभेला बोलावण्याचे होते. गणनाच्या दहाव्या अध्यायात इस्राएलाची छावणी हलवण्यासाठी व मंडळीला एकत्र करण्यासाठी रुप्याचे दोन कर्णे करण्याची आज्ञा आहे. तंबूंत राहणाऱ्या या लोकांना तो अध्याय आपलाच वाटला असल्यास नवल नाही.

या गायनात आफ्रिकी वंशाच्या लोकांचा वाटा फार मोठा होता. दक्षिणेकडील सभांमध्ये गुलामांना अनेकदा व्यासपीठाच्या पाठीमागे वेगळी जागा दिली जाई. देवासमोर सर्व समान असा उपदेश ज्या फळ्यांवर उभे राहून होई, त्याच फळ्यांच्या आडोशाने माणसे विभागली जात, ही गोष्ट कँप मीटिंगच्या इतिहासावरील डाग म्हणून नमूद केलीच पाहिजे. तरीही गाणे तो आडोसा ओलांडून जाई. गोऱ्यांची सभा संपल्यावरही त्यांच्या तंबूंतून रात्र रात्र गायन चाले. फिलाडेल्फियाचे रिचर्ड ॲलन यांनी 1801 साली आपल्या मंडळीसाठी जो गीतसंग्रह छापला, त्यात अशी ध्रुपदे आढळतात. 1819 साली जॉन वॉटसन नावाच्या एका मेथॉडिस्ट लेखकाने या गायनाविरुद्ध लेखणी उचलली. ही गाणी तोडकीमोडकी आहेत, पुनरुक्तीने भरलेली आहेत आणि गोऱ्या लोकांनाही त्यांची बाधा झाली आहे, अशी त्याची तक्रार होती. ज्याला तो बाधा म्हणत होता, तीच पुढे अमेरिकेच्या भक्तिगायनाची एक मुख्य धारा ठरली. मंडळीतील विद्वानांनी ज्या गाण्याला हलके मानले ते देवाने आपल्या लोकांच्या मुखी ठेवले, असे इतिहासात अनेकदा घडले आहे.

ओकच्या झाडांखाली

या पार्श्वभूमीवर आता वेस्लियन ग्रोव्हकडे वळू. मार्थाज व्हिनयार्ड बेटाला ख्रिस्ती धर्म काही मेथॉडिस्टांनी आणला नाही. तेथील मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांपैकी हायाकूम्स याने 1643 साली ख्रिस्ताचा स्वीकार केला व पुढे आपल्याच लोकांत उपदेश केला. थॉमस मेह्यू, धाकटे, यांच्या त्या मिशनकार्याचा उल्लेख प्रोटेस्टंट मिशनांच्या इतिहासात अगदी आरंभी येतो. मेथॉडिस्ट मंडळी त्यानंतर दीडशे वर्षांनी उभी राहिली.

1835 साली एडगरटाऊनच्या मेथॉडिस्टांनी, जेरेमाया पीझ यांच्या पुढाकाराने, सुमारे अर्धा एकर क्षेत्रातील ओकची एक राई सभेसाठी निवडली. पहिल्या वर्षी तंबू नऊच होते. व्यासपीठ साधे, बसण्यास पाठ नसलेली लाकडी बाके, आणि व्यासपीठासमोर पश्चात्ताप करणाऱ्यांसाठी राखलेली जागा. तंबू एकेका मंडळीचे असत. एका मोठ्या तंबूत मध्ये पडदा टाकून एका बाजूस पुरुष व दुसऱ्या बाजूस स्त्रिया गवतावर निजत. श्रीमंत व गरीब, बोटीचा कप्तान व त्याचा खलाशी, एकाच छताखाली. हे सर्व तंबू व्यासपीठाभोवती वर्तुळाकार मांडलेले असत. त्या वर्तुळाचा आकार आजही गावाच्या नकाशात स्पष्ट दिसतो.

सभेची कीर्ती वाढली. हेब्रन व्हिन्सेंट यांनी 1858 साली या सभेचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला, त्या सुमारास तंबू तीनशेवर गेले होते आणि रविवारी बारा हजारांपर्यंत लोक येत असत. परंतु याच काळात एक शांत बदल घडत होता. मंडळीच्या सामाईक तंबूंच्या जागी कुटुंबांचे स्वतंत्र तंबू येऊ लागले. कुटुंबाचा तंबू दरवर्षी त्याच जागी लागे. मग त्याला लाकडी तळ आला, लाकडी भिंती आल्या, आणि 1860 नंतरच्या दशकात तंबूच्या जागी टुमदार घरे उभी राहिली. तंबूच्या जागेवरच बांधलेली म्हणून ती लहान व एकमेकांस खेटून आहेत. तंबूचा पडदा दोन्ही बाजूंस सारावा तसे त्यांचे दुहेरी दार असते. जमीन मात्र आजही कँप मीटिंग असोसिएशनच्या मालकीची आहे, घरे तेवढी व्यक्तींची.

आठवड्याच्या सभेसाठी येणारी कुटुंबे आता महिनाभर राहू लागली. प्रार्थनेच्या जोडीला समुद्रस्नान, फेरफटका व गप्पागोष्टी आल्या. यात पाप काही नव्हते. पण ज्या तंबूत एका मंडळीचे पन्नास लोक एकत्र निजत, एकत्र प्रार्थना करीत व एकत्र गात, तो तंबू नाहीसा झाला होता. हा बदल होत असताना त्याविषयी कोणाला भय वाटले नाही. भय वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे.

कुंपणाची गोष्ट

राईची लोकप्रियता पाहून काही व्यापाऱ्यांनी 1866 साली ओक ब्लफ्स लँड अँड व्हार्फ कंपनी स्थापन केली आणि राईला लागून समुद्रकाठची जमीन विकत घेऊन तेथे सुट्टीच्या घरांची वसाहत आखली. धक्का आला, हॉटेले आली, बँड आला, नाचगाणे आले. प्रार्थनेला आलेल्या तरुणांच्या कानी आता पलीकडचे संगीत पडू लागले. सभेच्या चालकांनी 1867 साली आपल्या जागेभोवती सात फूट उंचीचे लाकडी कुंपण घातले. एवढ्यावर न थांबता, संकट वाढल्यास सभा हलवता यावी म्हणून जवळच्या टेकाडावर नवी जमीनही घेऊन ठेवली.

कुंपण टिकले नाही. कारण कुंपणाच्या दोन्ही बाजूंना राहणारे लोक हळूहळू एकाच वळणाचे झाले होते. 1869 साली ओक ब्लफ्सला कंदिलांची पहिली रोषणाई झाली आणि पाहता पाहता ती राईतील लोकांचीही आवडती रीत बनली. 1874 साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट येथे आले व बिशप गिल्बर्ट हेवन यांच्या घरी उतरले. गुलामगिरीविरुद्ध झुंजलेल्या या बिशपांचे घर राईत होते, तसे अनेक प्रतिष्ठितांचे होते. 1870 च्या सुमारास हजारोंना सावली देणारा प्रचंड कापडी मंडप उभारला गेला होता. 1879 साली त्याच्या जागी जॉन हॉइट यांच्या आराखड्यानुसार आजचा लोखंडी मंडप बांधण्यात आला. त्याला बाजूच्या भिंती नाहीत. लोखंडी खांब, कमानी, रंगीत काचांच्या खिडक्या आणि वर छप्पर. त्याला टॅबरनॅकल, म्हणजे निवासमंडप, असे नाव आहे. 1880 साली ही वसाहत एडगरटाऊनपासून वेगळी होऊन कॉटेज सिटी नावाचे स्वतंत्र गाव झाली आणि 1907 साली तिला ओक ब्लफ्स हे नाव मिळाले. राईतून वसाहत निर्माण झाली होती. शेवटी वसाहतीने राईला आपल्यात सामावून घेतले.

इतिहास येथे एक गंभीर गोष्ट सुचवतो. चालकांनी कुंपण घातले ते बाहेरच्या बँडला अडवण्यासाठी. परंतु राईतील गाणे बाहेरच्या बँडने बंद पाडले नव्हते. सामाईक तंबू मोडून प्रत्येकाचे दार वेगळे झाले, तेव्हाच समूहाचा आवाज विरळ होऊ लागला होता. जे आतून गेले होते ते बाहेरून अडवता येणार नव्हते.

बँड शत्रू की सोबती?

मग बँडचे काय? आरंभीच्या मेथॉडिस्ट मंडळीत वाद्यांविषयी साशंकता होती, कारण वाद्य आले की मंडळी मुकी होते असा अनुभव होता. जॉन वेस्ली यांनी 1761 साली गायनाविषयी ज्या सूचना छापल्या, त्यांत सर्वांनी गावे यावर त्यांचा भर आहे. दुर्बळ व थकलेल्यांनीही मागे राहू नये, आणि गाताना आपल्या आवाजाकडे नव्हे तर देवाकडे लक्ष असावे, असे त्यांचे सांगणे होते. वाद्याला त्यांचा विरोध असेल वा नसेल, मंडळीच्या मौनाला त्यांचा विरोध होता, यात संशय नाही.

याउलट उदाहरणही आहे. 1878 साली इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे चार्ल्स फ्राय व त्यांचे पुत्र साल्व्हेशन आर्मीच्या रस्त्यावरील सभांमध्ये पितळी वाद्ये घेऊन उभे राहिले. गुंड लोक सभा उधळून लावीत, तेव्हा उपदेशकांना आधार व्हावा हा मूळ हेतू. त्यांच्या वाद्यांनी लोक जमले, गाण्याला सूर मिळाला, आणि साल्व्हेशन आर्मीचा बँड जन्मास आला. तेथे बँड गर्दीला गप्प करण्यासाठी नव्हता, गर्दीला गायला लावण्यासाठी होता.

तेव्हा प्रश्न पितळेचा वा लाकडाचा नाही. स्तोत्रसंहितेचा शेवटचा अध्याय कर्णा, सतार, डफ व झांजा यांची एकामागून एक नावे घेतो; पण तो वाद्यांपाशी थांबत नाही, तर श्वास घेणाऱ्या प्रत्येक प्राण्याला स्तुतीला बोलावून संपतो. वाद्ये वाटेवर आहेत, श्वास हे मुक्कामाचे ठिकाण आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात कर्ण्याचा दाखला दिला आहे तोही याच अर्थाने : कर्ण्याचा नाद कळला नाही, तर लढाईला कोणी सज्ज होणार नाही. उपासनेतील प्रत्येक नादाची कसोटी एकच, मंडळीची उभारणी होते की नाही. आणि आमोसाच्या पाचव्या अध्यायातील परमेश्वराचा शब्द तर अधिकच कठोर आहे; ज्या समाजात न्याय वाहत नाही, त्याची गीते व वीणा त्याला गोंगाट वाटतात. व्यासपीठामागे गुलामांना बसवणाऱ्या सभांनी हा अध्याय किती वेळा वाचला असेल, असा विचार मनात येतो.

वेस्लियन ग्रोव्हमध्ये एक गोष्ट मात्र टिकली, आणि तिची नोंद घेतली पाहिजे. लोखंडी मंडपाखाली उन्हाळ्यात दर आठवड्याला समूहगायन होते; त्यासाठी ना शिक्षण लागते ना निवड. कंदिलांच्या रात्रीही बँडच्या आधी लोक गातात. भक्तिगीतांबरोबर तेथे लौकिक गाणीही असतात, आणि जमलेल्यांतील किती जण विश्वासाने गातात हे देव जाणे. 2005 साली ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली. परंतु इमारती जपणे वेगळे आणि आवाज जपणे वेगळे. या जागेने निदान एवढे स्मरणात ठेवले आहे की मंडपाखाली येणारा मनुष्य केवळ ऐकण्यासाठी आलेला नसतो.

ही परंपरा आपल्या दारी

अमेरिकेतील रानातला हा प्रवाह आपल्या भूमीपर्यंत आला आहे, म्हणून हा इतिहास परका नाही. विल्यम टेलर हे कँप मीटिंगच्या परंपरेत वाढलेले मेथॉडिस्ट सुवार्तिक 1871 च्या अखेरीस मुंबईत आले, आणि 1872 च्या फेब्रुवारीत तेथे मेथॉडिस्ट मंडळी स्थापन झाली. मराठी मिशनशी दीर्घकाळ संबंध असलेले जॉर्ज बोवेन तिच्याशी एकरूप झाले. पुढे घाटमाथ्यावर लोणावळ्यास, आगगाडीने जाता येईल अशा ठिकाणी, मेथॉडिस्टांची कँप मीटिंग भरत असे. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि कँप मीटिंगमधील आपल्या गायनाने व साक्षीने ख्याती पावलेल्या अमांडा स्मिथ 1879 साली भारतात आल्या, त्याही मुंबईमार्गेच. ज्या लोकांना व्यासपीठाच्या पाठीमागे बसवले गेले होते, त्यांच्यातील एक स्त्री सुवार्तेचे गीत घेऊन आपल्या किनाऱ्यावर उतरली, ही गोष्ट लहान नव्हे.

1882 च्या सप्टेंबरात फ्रेडरिक टकर यांच्या नेतृत्वाखाली साल्व्हेशन आर्मीचे लहानसे पथक मुंबईच्या धक्क्यावर उतरले. रस्त्यातून वाद्ये वाजवीत मिरवणूक काढल्याबद्दल पोलिसांनी त्यांना अटक केली, आणि केशवचंद्र सेन यांच्यासारख्या ख्रिस्तीतर पुढाऱ्यांनी त्यांची बाजू घेतली. हैदराबादकडील वाचकांना विकाराबादजवळील धारूरची मेथॉडिस्ट जातरा ठाऊकच असेल. 1923 पासून भरणाऱ्या त्या मेळाव्यात कुटुंबेच्या कुटुंबे मुक्कामास येतात. केरळात पंपा नदीच्या वाळवंटातील मारामोन संमेलन 1895 पासून चालू आहे. गोव्यातील वाचकांना चर्चच्या फेस्ताच्या पहाटे वाजणारा बँड परिचित आहे. त्याचे काम झोपलेल्या गावाला सण आल्याची वर्दी देणे हे असते. तेथील पॅरिश शाळांनी घडवलेले वादक पुढे देशभरच्या लष्करी व नागरी बँडांत गेले.

परंतु ध्रुपदाचे सामर्थ्य आपल्याला रानातील सभांनी शिकवावे लागले नाही. कीर्तनकार पद उचलतो, साथीदार व श्रोते ध्रुपद धरतात, टाळ सर्वांच्या हाती असतो : ही आपली जुनीच रीत. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, परिसरात मराठी मिशनच्या वर्तुळात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. नारायण वामन टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आले. परकीय चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांनी मराठी हृदय हलत नाही, हे त्यांनी ओळखले आणि अभंग, भजन व कीर्तन यांना उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. 1919 साली त्यांचे निधन झाले. आज इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील किंवा बेळगावकडील ज्या मराठी मंडळ्या मूळ प्रदेशापासून दूर राहून आपली उपासना मराठीत टिकवून आहेत, त्यांना एकत्र धरण्यात या गायनाचा वाटा किती मोठा आहे, हे तेथील पाळकांना आम्ही सांगावे असे नाही.

बोध

आज आपल्या मेळाव्यांत काय दिसते? उंच व्यासपीठ, ध्वनिवर्धकांच्या भिंती, की-बोर्ड व ड्रम, बिदागी देऊन आणलेला वाद्यवृंद. गायक निष्णात असतात, गीते नवी असतात. आणि मांडवात बसलेली मंडळी ओठ न हलवता ऐकते किंवा हातातील मोबाइलवर चित्रण करते. कोणी याला संजीवन म्हणतो, कोणी भ्रष्टता म्हणतो. वाद्यांना बंदी घालण्याची मागणी होते, म्हणजे कुंपणाची मागणी होते. वेस्लियन ग्रोव्हचे कुंपण किती काळ टिकले हे आपण पाहिले.

आमच्या मते या इतिहासातून तीन गोष्टी निघतात. पहिली, आवाज व्यासपीठावर हरवत नाही, तंबूत हरवतो. मेळाव्याला येणारी कुटुंबे एकत्र जेवत नसतील, एकत्र प्रार्थना करीत नसतील, आपापल्या खोलीची दारे लावून घेत असतील, तर मांडवात त्यांनी एकमुखाने गावे अशी अपेक्षा व्यर्थ आहे. सामाईक मुक्कामाची व सामाईक जेवणाची व्यवस्था ही केवळ सोयीची बाब नसून मंडळीशास्त्राची बाब आहे. दुसरी, ध्रुपद लोकांच्या हाती असावे. ज्या प्रचारकाला खेड्यात वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला सोबत घ्यायचे आहे, त्याने एक साधे ध्रुपद तिच्या ओठी बसवले, तर त्याने मोठ्या वाद्यवृंदापेक्षा अधिक काम केले. तिसरी, वाद्यवृंदाला त्याचे मूळ काम परत द्यावे. त्याने बोलवावे, सूर धरावा, आधार द्यावा. आणि मग थोडे थांबावे, म्हणजे मंडळीला स्वतःचा आवाज ऐकू येईल.

लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायातील मांडवांच्या सणाचा हेतू पक्की घरे मिळालेल्या लोकांना तंबूंतील दिवसांचे स्मरण राहावे हाच होता. नहेम्याच्या आठव्या अध्यायात बंदिवासातून परतलेले लोक नियमशास्त्र ऐकतात. ऐकताना ते रडतात. मग त्यांना उठून जेवायला, ज्याच्यापाशी काही नाही त्याला वाटा पाठवायला आणि आनंद करायला सांगितले जाते; त्यानंतर ते फांद्या तोडून आणतात व मांडव घालतात. त्या सणात घर, वाद्य, मेजवानी यांपैकी काहीही वर्ज्य नाही. प्रेक्षक मात्र कोणीही नाही.

यंदाच्या मेळाव्याची आखणी करताना प्रत्येक पाळकाने कार्यक्रमपत्रिकेवर एवढेच पाहावे : मंडळी स्वतः केव्हा गाते? ती वेळ पत्रिकेत सापडत नसेल, तर पत्रिका छापण्यास देण्यापूर्वी ती पुन्हा लिहावी.